परदेशी निघताना औषधांची पिशवी

 

परदेश म्हटलं की आपल्याला वाटतं, हा विषय शहरातल्या लोकांचा. पण आपल्याच पंचक्रोशीत जरा नजर फिरवून बघा. कोणाचा मुलगा दुबईत गवंडीकामाला आहे, कोणाचा जावई मस्कतला ट्रक चालवतो. कोणाची लेक अमेरिकेत आहे आणि तिच्या बाळंतपणाला आईला बोलावणं आलंय. मुस्लिम मोहल्ल्यातल्या मावश्या-खाला उमऱ्याला, हजला जातात. काहीजणी स्वतःच्या हिमतीवर घरकामाला, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला आखाती देशांत जातात. पासपोर्ट आता आपल्याही कपाटात आलाय. त्या पासपोर्टाबरोबर आपण जी औषधांची पिशवी नेतो, तिच्याबद्दल आज बोलायचं आहे.

पन्नाशी ओलांडलेली कुठली बाई आज औषधाशिवाय आहे? बीपीची गोळी, साखरेची गोळी, थायरॉइडची गोळी, गुडघ्याची गोळी. आपण त्यांना अशाच नावांनी ओळखतो. 'सकाळची पांढरी', 'रात्रीची गुलाबी', 'ती अर्धी करून घ्यायची'. गावात हे चालतं, कारण मेडिकलवाला आपल्याला ओळखतो. पट्टी दाखवली की तो तीच काढून देतो. पण दुबईच्या विमानतळावर कस्टमच्या माणसानं बॅग उघडली आणि विचारलं, 'हे काय आहे?' तर 'रात्रीची गुलाबी' हे उत्तर पुरत नाही. त्याला औषधाचं नाव हवं असतं, ते कोणी लिहून दिलं ते हवं असतं, आणि ते तुमचंच आहे याचा कागद हवा असतो.

हे नुसतं सरकारी किचकटपणाचं लक्षण नाही. त्यामागे कारण आहे. जगातल्या देशांनी मिळून १९६१ साली अफूपासूनच्या आणि तशा नशा आणणाऱ्या औषधांबद्दल करार केला, आणि १९७१ साली मनावर परिणाम करणाऱ्या औषधांबद्दल दुसरा केला. आपला १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा त्याच वाटेनं आलेला आहे. आता मेख अशी, की कराराच्या यादीबाहेरही कुठल्या औषधावर बंधन घालायचं, किती कडक घालायचं, हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. त्यामुळे आपल्याकडे डॉक्टर ज्या गोळ्या सर्रास देतात, त्यातल्या काही दुसऱ्या देशात परवानगीशिवाय नेणं हा गुन्हा ठरतो. आपल्याला वाटतं, 'औषधच तर आहे'. तिथल्या कायद्याला तसं वाटत नाही.

२०१७ साली एक ब्रिटिश बाई इजिप्तला गेली. तिच्या बॅगेत ट्रामाडॉल नावाच्या दुखण्यावरच्या गोळ्या होत्या, २९० गोळ्या. तिथल्या माणसाची पाठ दुखते म्हणून नेल्या, असं तिनं सांगितलं. इजिप्तच्या कोर्टानं तिला ३ वर्षांची शिक्षा दिली. ही गोष्ट त्या वेळी जगभरच्या वर्तमानपत्रांत आली होती. आणि हेच ट्रामाडॉल आपल्याकडे गुडघेदुखीला, पाठदुखीला, ऑपरेशननंतर देतात. पुष्कळदा ते पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत असतं, म्हणून लक्षातही येत नाही. आपल्या देशातही २०१८ पासून ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे.

तेव्हा सगळ्यात आधी आपली पिशवी जमिनीवर ओतायची आणि एकेका पट्टीवरचं बारीक नाव वाचायचं. दिसत नसेल तर नातवंडाला वाचायला सांगायचं. मोठ्या अक्षरात जे लिहिलेलं असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. त्याच्या खाली किंवा वर बारीक अक्षरात असतं ते औषधाचं खरं नाव. आपल्याला हे खरं नाव हवं.

कुठल्या नावापाशी थांबायचं ते सांगतो. झोपेच्या आणि घाबरटपणाच्या गोळ्या: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम. दुखण्याच्या: ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, आणि कॅन्सरच्या दुखण्यात देतात ते मॉर्फीन. खोकल्याच्या औषधात कोडीन. साखरेच्या आजारात पायाला मुंग्या येतात, तळपायाची आग होते, त्यावर जी कॅप्सूल देतात तिच्यात प्रीगाबालिन. याचं तर कोणाच्या ध्यानीमनीही नसतं, कारण आपण तिला 'मुंग्यांची गोळी' किंवा 'नसांच्या ताकदीची गोळी' म्हणतो. पण सौदी अरेबियात आणि संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-अबुधाबी-शारजात, प्रीगाबालिन नियंत्रित औषधांमध्ये आहे. फिट येणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं दिलं जाणारं फेनोबार्बिटोन, तेही १९७१ च्या कराराच्या यादीत आहे.

जोडगोळ्यांकडे जास्त लक्ष द्या. पोटात मुरडा येतो, गॅस होतो म्हणून दिलेल्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड असतं, आणि ते झोपेच्या गोळ्यांच्याच घराण्यातलं आहे. उदासीवरच्या एका गोळीत एस्सिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपाम असतं. पट्टीवर दोन नावं असतील तर दोन्ही वाचायची, तीन असतील तर तिन्ही.

बीपीची अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, साखरेची मेटफॉर्मिन, थायरॉइडची गोळी, साधं पॅरासिटामॉल, यांना सहसा कोणी अडवत नाही. पण कागद त्यांचाही हवाच.

आता एक नाजूक गोष्ट. झोपेची गोळी किंवा मनाच्या आजाराची गोळी घेणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी बाया ती लपवून घेतात. सुनेला कळू नये, जाऊबाईला कळू नये, मुलाला वाटेल आई वेडी झाली. मग पट्टीतून गोळ्या काढून त्या साध्या डबीत, कधी कुंकवाच्या जुन्या करंड्यात, कधी मेथीदाण्याच्या पुडीत ठेवल्या जातात. घरात हे निभावतं. विमानतळावर मात्र हीच लपवलेली डबी सगळ्यात जास्त संशयाची होते, कारण त्या गोळ्यांना नावही नसतं आणि कागदही नसतो. आणि चौकशी सुरू झाली की ज्या मुलापासून लपवलं, त्यालाच फोन जातो. आम्ही एवढंच म्हणू, की परदेशी जायचं ठरलं असेल तर घरातल्या निदान एका माणसाला विश्वासात घ्या. डोकं दुखण्याची गोळी घेण्यात जेवढी लाज आहे, तेवढीच यात आहे, म्हणजे मुळीच नाही.

काहीजणी म्हणतील, एवढी भानगड आहे तर ती गोळी घरीच ठेवून जाते. मैत्रिणींनो, हे अजिबात करू नका. झोपेच्या, घाबरटपणाच्या आणि फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते. परक्या मुलखात, भाषा येत नसताना असं झालं तर काय होईल? गोळी बदलायची, कमी करायची की तशीच न्यायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि त्यासाठी जाण्याच्या निदान दोन महिने आधी त्यांना गाठायचं. पुष्कळदा डॉक्टर प्रीगाबालिनऐवजी दुसरं काही देऊ शकतात, किंवा ट्रामाडॉलशिवाय भागवू शकतात. पण नवी गोळी आपल्याला मानवते की नाही हे इथे, आपल्या घरात कळलं पाहिजे, विमानात नव्हे.

जिच्याशिवाय भागणार नाही अशी नियंत्रित गोळी असेल तर त्या देशाची आगाऊ परवानगी घ्यायची. दुबईकडे जाणार असाल तर तिथल्या सरकारकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. सौदीत जाणाऱ्यांसाठी तिथल्या अन्न व औषध प्राधिकरणाची अशीच ऑनलाइन सोय आहे. अर्जाला लागतो पासपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आजाराचा अहवाल. आपल्याला हे भरता येणार नसेल तर तिथे राहणाऱ्या मुलाला किंवा जावयाला भरायला लावा. तिकीट काढण्याआधी तो भरला तर उत्तम. तिकीट, व्हिसा, फोटो सगळं मुलं धावपळ करून करतात, आणि आईच्या औषधाचा अर्ज शेवटच्या रात्री आठवतो. परवानगी मिळाली तर तिची छापील प्रत जवळ ठेवायची. नाही मिळाली तर ते औषध न्यायचंच नाही, मग डॉक्टरांकडे पुन्हा जायचं. प्रत्येक देशाचा नियम वेगळा असतो आणि बदलतोही, म्हणून शेजारीण दोन वर्षांपूर्वी काय घेऊन गेली यावर जाऊ नका. त्या देशाच्या भारतातल्या वकिलातीच्या संकेतस्थळावर त्या त्या वेळी बघायचं.

आता कागदाकडे वळू. आपल्या भागात बहुतेक औषधं मिळतात ती प्राथमिक आरोग्य केंद्रातून, केसपेपरवर. गोळ्या कागदाच्या पुडीत, त्यावर सूर्य आणि चंद्र काढलेला. खाजगी मेडिकलवालाही दहाच्या पट्टीतून पाच कापून देतो, आणि नाव, मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर त्याच्याकडेच राहते. गावात याचं काही अडत नाही. परदेशी नेण्यासाठी मात्र अख्ख्या, सीलबंद पट्ट्या घ्या, त्यांच्या खोक्यासकट. जनऔषधी केंद्रातून घेतल्या तर स्वस्तही पडतात आणि पट्टीवर मूळ नाव ठळक असतं. बिल मागून घ्या, त्यावर आपलं नाव घालायला सांगा.

डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पत्र घ्यायचं, त्यांच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह, नोंदणी क्रमांकासह. त्यात आपलं नाव, आजार, प्रत्येक औषधाचं मूळ नाव, दिवसाला किती, आणि किती दिवसांसाठी सोबत नेते आहे ते लिहिलेलं हवं. सरकारी दवाखान्यातले मेडिकल ऑफिसरही असं पत्र देऊ शकतात. अक्षर वाचता येत नसेल तर संकोच न करता सांगा की टाइप करून द्या. २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेनं नियमच केला आहे, की औषधाचं मूळ नाव वाचता येईल अशा, शक्यतो मोठ्या अक्षरात लिहावं. त्यामुळे आपण काही उपकार मागत नाही.

आणि नाव. हा आपल्या बायकांचा जुना घोळ. पासपोर्टावर 'शांता', केसपेपरवर 'शांताबाई', मेडिकलच्या बिलावर नुसतं 'आजी'. कुठे माहेरचं आडनाव, कुठे सासरचं. पत्रावर आणि चिठ्ठीवर नाव अगदी पासपोर्टावर आहे तसंच पाहिजे, स्पेलिंगसकट. डॉक्टरांकडे जाताना पासपोर्टची झेरॉक्स घेऊनच जा म्हणजे प्रश्न मिटला.

आता स्वयंपाकघराकडे येऊ, कारण औषधाचा विषय तिथेही पोचतो. लेक बाळंतीण आहे म्हटल्यावर आई रिकाम्या हातानं जाईल का? डिंकाचे लाडू, हळिवाचे लाडू, बाळंतशेपा, सुंठ. दिवाळीच्या सुमाराला अनारसे. आणि वर्षाचा मसाला. यात एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे माणसं खरंच अडचणीत येतात. ती म्हणजे खसखस. खसखस हे अफूच्या झाडाचं बी. आपल्याकडे वाण्याकडे राजरोस मिळतं, आपल्या कायद्यात बी खायला बंदी नाही. पण अमिरातीत, सौदीत, कतारमध्ये खसखस नेण्यावर बंदी आहे, आणि सिंगापूरमध्येही. हजला जाणाऱ्यांनाही खसखस नेऊ नका अशी सूचना असते. पुडी तर नाहीच, पण अनारशावर लावलेली, लाडवात भाजून घातलेली, मसाल्यात कुटलेली, तीही नको. घरचा मसाला न्यायचा असेल तर एवढ्यापुरता खसखशीशिवाय करा. कांडपवाल्या बाईकडून आयता घेतला असेल तर तिला विचारा, आणि तिला खात्री नसेल तर नेऊ नका. लाडू बिनखसखशीचे करून न्या, चवीत थोडा फरक पडेल. लेक समजून घेईल.

आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक, असंही धरून चालू नका. वैद्यांनी दिलेल्या नाव नसलेल्या पुड्या म्हणजे कस्टमच्या नजरेला नुसती भुकटी. शिवाय काही जुन्या पाठातल्या औषधांत भांग किंवा अफू असते. जुलाबावर देतात त्या जातीफलादि चूर्णात भांग आहे. आखातात भांग म्हणजे गांजाच्याच रांगेतली. आयुर्वेदिक औषध न्यायचंच असेल तर कारखान्याचं, सीलबंद, घटकांची यादी छापलेलं, आणि ती यादी वाचून. भस्मं तर नकोतच. परदेशात सापडलेल्या काही भस्मयुक्त औषधांत शिसं, पारा निघाला आहे आणि त्यावरून तिथले अधिकारी सावध असतात.

मशेरीचं नाव घेतलं की काहीजणी हसतील. हसा, पण ऐका. काळी भुकटी, प्लास्टिकच्या पुडीत, साडीच्या घडीत दडवलेली! विचारणारच ना ते? तपकिरीचंही तेच. सिंगापूरला तर चघळायच्या, दाताला लावायच्या तंबाखूवर बंदीच आहे. परदेश प्रवासाच्या निमित्तानं सुटली तर बरंच होईल, असं आमचं आपलं मत.

गर्भपाताच्या गोळ्या कोणासाठीही नेऊ नका. आखातात याबाबत कायदा फार कडक आहे.

'कोणासाठीही' म्हटलं, त्यावर थोडं थांबू. आपली माणसं मनानं मोकळी. कोणी दुबईला निघालं की सगळी आळी पुड्या घेऊन येते. 'माझ्या भावाला एवढ्या गोळ्या दे, तिकडे महाग मिळतात.' नाही म्हणणं जिवावर येतं. पण ज्या औषधाच्या चिठ्ठीवर तुमचं नाव नाही, ते तुमच्या बॅगेत नकोच. ज्याचं औषध त्यानं तिथल्या डॉक्टरला दाखवून घ्यावं. २०१९ साली मुंबईचं एक जोडपं कतारला गेलं. नात्यातल्या बाईनं तिकडे पोचवायला एक पाकीट दिलं होतं, आत तंबाखू आहे असं सांगून. निघालं चरस, चार किलोच्या वर. दोघांना १० वर्षांची शिक्षा झाली. बाई गरोदर होती, तिचं मूल तुरुंगात जन्मलं. इथल्या अंमली पदार्थ विरोधी खात्यानं तपास करून खरं काय ते पुढे आणलं, तेव्हा कुठे २०२१ साली दोघं निर्दोष सुटून घरी आली. कोणी फार आग्रह केला तर सरळ सांगा, 'सरकारनं मनाई केली आहे', आणि मोकळ्या व्हा. बॅग स्वतः भरा, स्वतः कुलूप लावा.

किती औषध न्यायचं? जेवढे दिवस राहणार तेवढं, आणि विमान रद्द झालं, परतणं लांबलं तर म्हणून आठवडाभराचं जास्त. नियंत्रित औषध मात्र बऱ्याच देशांत ३० दिवसांपुरतंच नेता येतं. अमेरिकेत साधारण ९० दिवसांपुरतं औषध न्यायला हरकत नसते. पण लेकीकडे जाणारी आई राहते सहा-सहा महिने. मग काय? पहिले तीन महिने सोबतच्या औषधावर काढायचे, आणि पुढचं इथून कुरिअरनं पाठवायचं, तर त्यासोबत डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, चिठ्ठीची प्रत आणि व्हिसा-पासपोर्टच्या प्रती जोडायच्या. नाहीतर तिथल्या डॉक्टरकडून लिहून घ्यायचं. तिथली डॉक्टरची फी ऐकून डोळे फिरतात, म्हणून प्रवासाचा विमा काढताना मुलांना विचारा की जुना आजार त्यात धरला आहे का. बहुतेक विम्यांत तो नसतो किंवा अगदी थोडा असतो.

औषधं हाताशी असलेल्या पर्समध्ये ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही. मोठी बॅग कधी चुकून दुसऱ्याच गावाला जाते, आणि मग साखरेची बाई दोन दिवस गोळीविना. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत कधीच नको. विमानाच्या पोटात इतका गारठा असू शकतो की इन्सुलिन गोठतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. चालू असलेलं पेन साधारण चार आठवडे घरातल्या थंड जागेत टिकतं. बाकीचं थंड पिशवीत, पण बर्फाला थेट टेकवून नाही, मध्ये सुती फडकं गुंडाळून. आखातात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा उभ्या गाडीत इन्सुलिन ठेवून बाजारात जाऊ नका. सुया, पेन याबद्दल पत्रात लिहून घ्या आणि तपासणीच्या वेळी आपणहून दाखवा. हातातल्या पर्समध्ये १०० मिलिलिटरच्या वरची बाटली नेता येत नाही, पण लागणाऱ्या औषधाला पत्र दाखवल्यावर सवलत असते. च्यवनप्राशच्या डब्याला नाही, तो मोठ्या बॅगेत.

अमेरिकेला जाताना दिवस-रात्र उलटीपालटी होते. इन्सुलिन आणि फिटची गोळी कधी घ्यायची हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. दुबईत घड्याळ दीड तासानंच मागे आहे, तिथे फार फरक पडत नाही.

हज-उमऱ्याला जाणाऱ्या बहिणींसाठी दोन शब्द. मेंदूज्वराची लस घेतल्याचा दाखला लागतो, तो औषधांच्या कागदांबरोबरच ठेवा. हजच्या काळात मक्का-मदिनेत भारत सरकारचे दवाखाने असतात, पण रोजच्या गोळ्या आपल्याच न्यायच्या. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर एवढ्या उन्हात ती कशी घ्यायची हे डॉक्टरांना विचारूनच जा.

सगळ्या कागदांचे तीन संच करा. एक पर्समध्ये, एक मोठ्या बॅगेत, एक घरी. फोटो मोबाइलमध्येही हवेत. आणि मुलाचा, जावयाचा, घरचा फोन नंबर कागदावर लिहून पोलक्याच्या खिशात. मोबाइल काढून घेतला किंवा बंद पडला, तर आपल्यापैकी कितीजणींना नंबर पाठ आहे?

पोचल्यावर मनात शंका असेल की ही गोळी चालते की नाही, तर लाल फाट्यानं जायचं, म्हणजे 'माझ्याकडे दाखवण्यासारखं आहे' त्या रांगेनं. आपणहून दाखवलेलं आणि झडतीत सापडलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अडवलंच तर घाबरून गोळ्या टाकून देऊ नका, खोटं बोलू नका, रडारड करून हात जोडू नका. कागद पुढे करा. हिंदी समजणारा माणूस मागा, दुबईत तो सहज मिळतो. अरबीत लिहिलेल्या कागदावर काय लिहिलंय ते समजल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नका. 'भारतीय वकिलातीला कळवा' असं म्हणा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे परक्या देशात अटक झालेल्या माणसाला आपल्या वकिलातीला कळवायला सांगण्याचा हक्क आहे. 'इंडियन एम्बसी, इंडियन कॉन्सुलेट' हे शब्द पाठ करून ठेवा, उच्चार थोडा इकडे-तिकडे झाला तरी समजतं. अमिरातीत भारतीयांसाठी प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्र आहे, त्याचा तिथल्या फोनवरून लागणारा फुकट क्रमांक ८०० ४६३४२. घरच्यांना इथून परराष्ट्र खात्याच्या 'मदद' या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. आणि जी बाई तिथे घरकामाला जाते आहे, तिनं पासपोर्टची आणि औषधांच्या पत्राची प्रत मालकाच्या हाती न देता स्वतःपाशीही ठेवावी.

पुढच्या बुधवारी याच वेळेला ग्रामीण रुग्णालयातल्या फार्मासिस्ट ताई आपल्याकडे येणार आहेत. तेव्हा आपापल्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि चष्मा घेऊन रेडिओजवळ बसा. मूळ नाव कुठे छापलेलं असतं ते त्या सांगतील, आणि तुम्ही फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवलंत तरी चालेल.